रुतण्याची पूर्वतयारी

मी कधी वाढवून सांगत नाही. गोष्टच मुळात मोठी असते, त्याला मी काय करणार? आमच्या कॅरॅव्हॅनबद्दल बेंगळूरच्या अख्ख्या चामराजपेटेत जे बोललं जातं, की ती तळ्यात बुडाली, तिच्यात मगर शिरली, त्यातलं मगरीचं मी पसरवलेलं नाही. म्हणजे सांगितलं, पण फक्त भाजीवालीला, आणि मगर लहान होती हेही स्पष्ट सांगितलं होतं. पुढे तिनं ती मोठी केली असेल तर ती तिची जबाबदारी.

तर झालं असं. माझा मुलगा चंद्रकांत बँकेतून मुदतीआधी रिटायर झाला आणि त्यानं एक जुनी कॅरॅव्हॅन आणली. जीपच्या मागे जोडून ओढायची, चाकांवरची खोली. आत पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, आरसा आणि कमोड. कमोड म्हटल्यावर हसू नका. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर देशाचा नकाशा माझ्यापुरता फारच लहान झाला होता. म्हैसूर होतं, पण ठरावीक हॉटेलपर्यंत. मागडीच्या पुढे शेतावर राहणारी माझी सख्खी थोरली बहीण, कस्तुराबाई, नकाशात नव्हतीच, कारण तिच्याकडे अजून उकिडवं बसायची सोय. चार वर्षं आम्ही बहिणी फोनवर भांडत होतो. समोरासमोर भांडायची मजा वेगळी. कॅरॅव्हॅन दारात आली आणि मला वाटलं, अंबुबाई, तुझा नकाशा परत मोठा झाला.

पण दारात आली म्हणजे अगदी दारातच आली. आमची गल्ली अरुंद. माझी सून वीणा भाजी घेऊन यायची ती घरात आडवी शिरायची, खेकड्यासारखी. पंधरवड्यानंतर तिनं निकाल दिला.

"अत्ते," ती म्हणाली (आमच्या घराण्यात सासूला अत्तेच म्हणतात, इतकी वर्षं बेंगळूरात राहिल्यावर दुसरं काय होणार), "एक ट्रिप. स्वतःच्या चाकांवर गेली, स्वतःच्या चाकांवर परत आली, तर ठेवू. क्रेननं उचलून आणावी लागली, तर विनोदकुमारना देऊन टाकायची."

हे विनोदकुमार म्हणजे मारतहळ्ळीचे ज्यूसवाले. कॅरॅव्हॅनचं ज्यूस सेंटर करायचं त्यांच्या मनात होतं. पांढरे बूट घालून आले, टेप काढली, खिडकी मोजली, आणि माझ्या पलंगाच्या उशाशी उभं राहून म्हणाले, "इथे मिक्सर बसेल." माझी उशी जिथे, तिथे मोसंबी! मी कॉफी दिली. साखर घातली नाही, एवढंच.

मग मी विचार केला. गाडी रुतणारच नाही अशी खात्री कोणी देत नाही, आणि चंद्रकांत चालवणार म्हटल्यावर तर मुळीच नाही. पण रुतल्यावर चटकन निघेल, क्रेनचा प्रश्नच येणार नाही, एवढी सोय आधी करून ठेवता येते. आपण बाळंतपणाची तयारी करतो की नाही? मग ही रुतण्याची.

यातला जाणकार घरातच निघाला. वीणाच्या बहिणीचा मुलगा यशोवर्धन पुण्याहून इथे आलेला, सर्जापूर रोडला राहतो, आठवडाभर कॉम्प्युटर आणि रविवारी मित्रांबरोबर जीप चिखलात घालणं. मुद्दाम. आम्ही लहानपणी चिखलात गेलो की मार खायचो. हा टी-शर्ट छापून जातो.

"आजी, रिकव्हरी इज ऑल अबाउट प्रेप," तो म्हणाला. "कुठेही दोर बांधून ओढलं ना, तर बंपर हातात येतो आणि गाडी तिथेच. चासीला मजबूत हुक हवा. वजन कमी करायचं. पाण्याची टाकी रिकामी. टायरमधली हवा थोडी कमी. चाकांखाली फळ्या. उभी करताना खाली सोडतो ते चार पाय, ते वर घ्यायचे. दोरावर काहीतरी जड टाकायचं, म्हणजे तुटला तरी उडत नाही. आणि ॲक्सिलरेटर दाबत बसायचं नाही. सगळ्यात इम्पॉर्टंट, लोकांना लांब ठेवायचं."

"कुठल्या लोकांना?"

"जे बघायला येतात त्यांना."

"ते लांब राहत नाहीत रे बाळा."

"मॅनेज करायचं, आजी." पुण्याची मुलं फार आशावादी असतात.

हुक कुठे बसवायचा यावर गल्लीत दोन पक्ष पडले. समोरचे अनिलकुमार आयुष्यात स्कूटरच्या पुढे गेले नाहीत, पण मत त्यांचं विमानावरही असतं. ते म्हणाले, पुढे. त्यांची बायको कृष्णवेणी म्हणाली, मागे, कारण यांनी पुढे म्हटलंय आणि यांचं आजवर काही बरोबर आलेलं नाही. मुद्दा बिनतोड होता. शिवाय पुढे जीप असणार, मग ओढणारा मागूनच ओढणार, हे मलाही पटलं. मार्केटमागच्या वेल्डिंगवाल्याकडून हुक मागे बसवला. असा भक्कम की हत्ती बांधावा. अनिलकुमारांनी लोंबकळून पाहिला आणि खांदा दुखावून घेतला. त्याला हुक जबाबदार नाही.

कृष्णवेणीचा सल्ला मात्र तिथे संपला नाही. "अंबक्का, हुकानं काय होतंय? प्रत्येक पुलाला एक नारळ ओवाळून फोडा." असं म्हणून तिनं माहेरच्या बागेतलं नारळांचं पोतं माणसाकरवी आमच्या दारात आणून टाकलं. इथून मागडीपर्यंत इतके पूल असतील तर मधे जमीन कुठे आहे, असं मी विचारलं. "असू द्या, उरले तर चटणी," ती म्हणाली.

आता हुक बसवला, तर गाड्यांच्या ऑफिसात दाखवून यायला हवं, असं चंद्रकांतच्या बँकेतल्या मनाला वाटलं. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला शिक्का दिसला नाही की जेवण जात नाही. तिथले साहेब कॅरॅव्हॅनभोवती प्रदक्षिणा घालून म्हणाले, आत कमोड आहे, म्हणजे हे घर आहे, घरांच्या ऑफिसात जा. घरांच्या ऑफिसात म्हणाले, चाकं आहेत, म्हणजे ही गाडी आहे, गाड्यांच्या ऑफिसात जा. चंद्रकांत जायचा आणि यायचा. मला तर वाटायला लागलं की त्याची ट्रिप हीच. शेवटी मी स्वतः गेले. म्हातारी बाई काठी टेकत आली की साहेब लोक खुर्ची देतात, आणि मी खुर्चीत बसले की उठत नाही, हे त्यांना उशिरा कळतं.

"मागे हे बाहेर आलेलं टोक आहे," साहेब म्हणाले. "कोणाला लागलं म्हणजे? झाकलेलं पाहिजे."

"कशानं झाकायचं?"

साहेबांनी पुस्तक चाळलं. पुस्तकात कशानं ते नव्हतं. मी घरी आले, लाल लोकर काढली आणि हुकाला कुंची विणली. कानटोपीसारखी, खाली नाड्या, वर गोंडा. दुसऱ्या खेपेला साहेबांनी ती कुंची बराच वेळ पाहिली. मागून त्यांच्या शिपायानंही पाहिली. मग त्यांनी सुस्कारा टाकला आणि शिक्का मारला. सरकारी सुस्कारा ओळखायला मी शिकले आहे. तो आला की काम झालं समजावं.

मग मी रंगीत तालीम ठेवली. तालमीशिवाय नाटक पडतं. गल्लीत चिखल नव्हता, म्हणून रुतल्याचं सोंग करायचं ठरलं. दोर बांधला, आणि त्यावर जड म्हणून टाकायला मी चंद्रकांतच्या निरोपसमारंभातल्या शाली आणल्या. बँकेनं त्याला इतक्या शाली घातल्या होत्या की काश्मीरला पुरल्या असत्या, आणि बेंगळूरात वापरायचा दिवस एकही नाही.

"आई, ही जनरल मॅनेजरनी घातलेली शाल आहे!"

"म्हणूनच जड आहे. आण इकडे."

रस्त्यात आडवा दोर, दोरावर जरीच्या शाली. लोकांना वाटलं, कोणाचा तरी सत्कार आहे. रिक्षा थांबल्या. कोपऱ्यावरचे एक आजोबा घरून खुर्ची घेऊन आले आणि भाषणांची वाट बघत बसले. "कोणाचा सत्कार?" असं कोणीतरी विचारल्यावर अनिलकुमारांनी चंद्रकांतकडे बोट दाखवलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. चंद्रकांत त्यानंतर दोन दिवस कोपऱ्यावरच्या दुकानात गेला नाही. आजोबा मात्र फार नाराज होऊन उठले. भाषण नाही तर नाही, निदान कॉफी तरी, असं त्यांचं म्हणणं.

नवरात्रात आम्ही निघालो. मी, चंद्रकांत, वीणा. मागे कॅरॅव्हॅनमध्ये नारळांचं पोतं, चकल्यांचा डबा, चिवड्याचा डबा, माझे प्रवासातले देव, दगडी खलबत्ता (कस्तुराबाईकडचा बरोबर कुटत नाही), आणि चाकांखाली घालायच्या फळ्या म्हणून घरातले लाकडी पाट. शिवाय वीणाची एक अख्खी सूटकेस ब्लाऊजपीसची. ज्यांच्या घरात हळदीकुंकू होतं त्यांना सांगायला नको. हे ब्लाऊजपीस कोणी शिवत नाही. एकीनं दुसरीला द्यायचे, दुसरीनं तिसरीला, वर्षभरानं तेच आपल्याकडे परत. त्यातला एक जांभळा तर मी माझ्या लग्नात पाहिल्यासारखा वाटतो. वीणाचा बेत होता की सगळे एकदम कस्तुराबाईच्या गळ्यात घालायचे आणि परत यायच्या आत पळ काढायचा. बेत चांगला होता. मला आधी सुचायला हवा होता.

पूल आले तसे नारळ फोडले, पण पोतं काही कमी होईना. मागडी मागे पडली. मग फोनच्या नकाशानं जवळची वाट दाखवली, एका आटलेल्या केऱ्यातून. केरे म्हणजे आपलं तळं. वरून जमीन पांढरी, कडक, भेगा पडलेली. मधोमध जालीचं, म्हणजे बाभळीचं झाड, चांगली सावली. चंद्रकांतनं तिथे थांबवून कॅरॅव्हॅनचे चारही पाय खाली सोडले, आणि आम्ही जनरल मॅनेजरची शाल अंथरून दहीभात खाल्ला. ती जमीन म्हणजे तापवलेलं दूध होतं. वर साय, खाली सगळं पातळ. आम्ही वर बसून जेवतोय आणि कॅरॅव्हॅन खाली बसतेय. लोणचं वाढताना मला दिसलं, खिडकी मघापेक्षा खाली आलीय.

"चंद्रू, ॲक्सिलरेटर दाबू नको," मी म्हटलं. त्यानं दाबला. चाकांनी चिखल उडवला तो थेट कुंचीवर, जनरल मॅनेजरच्या शालीवर आणि माझ्या दहीभातावर.

वीणा जाऊन झाडाखालच्या दगडावर बसली आणि फोन लावला. "विनोदकुमार? हां. क्रेन घेऊन या. लोकेशन पाठवते." असा शांत आवाज, जसं दुधवाल्याला अर्धा लिटर जास्त सांगतेय. पांढरे बूट निघाले होते. ते पोचायच्या आत कॅरॅव्हॅन बाहेर आली पाहिजे, नाहीतर माझी उशी गेली, कस्तुराबाई गेली, नकाशा परत हॉटेलपुरता.

पण घाबरायचं कशाला? तयारी होती ना! मी पदर खोचला आणि हुकूम सोडायला लागले. "टाकी रिकामी कर." चंद्रकांतनं तोटी उघडली. अख्खी टाकी चाकांखाली ओतली गेली. चिखल होता तो आता पिठलं झाला. यशोवर्धननं टाकी रिकामी करायला सांगितलं होतं, कुठे ते सांगितलं नव्हतं. टायरची हवा कमी केली. पाट काढले. चंद्रकांतच्या मुंजीचा पाट उजव्या चाकाखाली, लग्नाचा डाव्या. कुंचीच्या नाड्या चिखलानं अशा घट्ट बसल्या होत्या की विळीवर कापाव्या लागल्या. तरी मी गोंडा वाचवला.

एवढ्यात ट्रॅक्टर आला. मालक सुब्बाराव, जवळच्या गावचे. उतरले, हाताची घडी घातली, कॅरॅव्हॅन डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली.

"हे काय आहे अम्मा?" ते कन्नडमध्ये म्हणाले. "ओढलं आणि मोडलं तर माझ्यावर येईल. मी नाही हात लावत." आणि ते वळले.

ट्रॅक्टर गेला तर सगळं गेलं. मग मला बोलावंच लागलं. मी हळू आवाजात म्हटलं, "सुब्बाराव अण्णा, मोडणार नाही हो. ही साधी गाडी नव्हे. एक फार मोठी नटी होती. नाव सांगायची शपथ आहे. शूटिंगला ती हीच घेऊन जायची. त्या आरशात तोंड बघितल्याशिवाय ती कॅमेऱ्यासमोर गेली नाही. एकदा घाटात हिच्या मागे हत्ती लागला, तेव्हासुद्धा मोडली नाही. हत्ती थकला."

सुब्बाराव थांबले. "कोण? नाव स्वल्प तरी सांगा."

"शपथ आहे हो."

त्यांनी कॅरॅव्हॅनकडे वेगळ्याच नजरेनं पाहिलं आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे. ओढतो." आणि खिशातून फोन काढून घरी एकच वाक्य बोलले. मला वाटलं, दोर मागवतायत.

दोर नाही, गाव आलं. आधी सुब्बारावांची बायको, मग तिच्या जावा, मग शेजारणी, मग शेजारणींच्या सासवा. सगळ्या ठेवणीतली लुगडी नेसून, नवरात्र होतं ना. मी काही म्हणायच्या आत सगळ्या कॅरॅव्हॅनमध्ये. आरशापुढे रांग लागली. पलंगावर बसून फोटो निघाले. एक बाई कमोडचं झाकण उघडून "अय्यो!" म्हणाली आणि सगळ्यांनी तिथेही फोटो काढले. त्या नटीचं भलं होवो, जी कोणी नव्हती ती. कॅरॅव्हॅन मात्र प्रत्येक नव्या बाईगणिक एकेक बोट खाली चालली. चाकं दिसेनाशी झाली. मुंजीचा पाट कडकन बोलला.

"प्लीज उतरा! एकेकानं! काउंटरवर गर्दी करू नका!" चंद्रकांत ओरडला. घाबरला की त्याची बँक बाहेर येते. कोणी हललं नाही. सुब्बारावांनी स्वतःच्या बायकोला हाक मारली, तिनं खिडकीतून हात हलवला. मी नटी परत येतेय असं सांगून पाहिलं. तर त्या आणखीच घट्ट बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच माझी गोष्ट मला आवरेना.

झाडाखालून वीणा बघत होती. तिला खरं म्हणजे तिथेच बसायला हरकत नव्हती. क्रेन येत होती, दार मोकळं होणार होतं. पण चंद्रकांत चौथ्यांदा काउंटर म्हणाला तेव्हा तिला राहवेना. ती आली, दारात उभी राहिली आणि आतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारलं, "आज्जी, उतरत का नाही तुम्ही?"

आज्जी चकित झाली. "कसं उतरायचं? नवं घर. नवरात्रात पहिल्यांदा पाऊल टाकलं. आणि अजून कोणी कुंकूसुद्धा लावलं नाही आम्हाला. तशाच गेलो तर तुझ्याच घराला बरं नाही, मुली. आम्ही कधीच्या वाट बघतोय."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. बिचाऱ्या आमच्याच भल्यासाठी अडकून बसल्या होत्या!

वीणा माझ्याकडे वळून म्हणाली, "अत्ते, एवढं आपल्याला कळू नये?" तिनं ओढणी कमरेला बांधली. माझ्या प्रवासातल्या देवांपुढची कुंकवाची कोयरी घेतली. सूटकेस उघडली. नारळाचं पोतं दाराशी ओढायला लावलं. "अहो, तुम्ही नारळ द्या माझ्या हातात. अत्ते, ब्लाऊजपीस. जांभळा आधी."

आणि दारातच हळदीकुंकू सुरू झालं. एकेक बाई दाराशी यायची. हळद, कुंकू, ओटीत नारळ, वर ब्लाऊजपीस, मूठभर चकल्या, पाया पडणं, उतरणं. एक बाई उतरली की कॅरॅव्हॅन बोटभर वर. मी वाढवून सांगत नाही, सुब्बारावांना विचारा, ते काडी लावून बघत होते. बातमी गावात पोचली आणि ज्या राहिल्या होत्या त्याही आल्या. पण वीणा दारात अशी उभी की आत कोणी नाही, बाहेरूनच. पोतं रिकामं झालं. चकल्या संपल्या, चिवडा संपला. शेवटच्या दोघींना नारळ उरला नाही, तर वीणानं माझा दगडी खलबत्ता दिला. एकीला खल, एकीला बत्ता. मी तोंड उघडलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं.

"आता सगळ्या लांब व्हा!" वीणा म्हणाली. "दोर जेवढा लांब, त्याच्याही पलीकडे!" आणि काय सांगू, ज्या बायका बँकेला, ट्रॅक्टरला आणि मला भीक घालत नव्हत्या, त्या सगळ्या ओटी सांभाळत झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या. जिच्या हातचं कुंकू लावून घेतलं तिचं ऐकायचं नाही तर कोणाचं?

जीप सोडवली. दोर हुकाला बांधला, वर शाल टाकली. सुब्बारावांनी ट्रॅक्टर सुरू केला. दोर ताणला. कॅरॅव्हॅन कण्हली, पण हलली नाही. ट्रॅक्टरची पुढची चाकं वर उचलली जायला लागली.

"थांबा!" वीणा ओरडली. "अहो, पाय! चारही पाय खालीच आहेत!"

चंद्रकांतनं कपाळाला हात लावला आणि चिखलात पालथा पडून एकेक पाय फिरवून वर घेतला. मग सुब्बारावांनी परत ओढलं, सावकाश, न झटकता. पिकलेल्या फणसातून गरा यावा तशी कॅरॅव्हॅन सुळ्ळकन बाहेर आली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. या खेपेला चंद्रकांतला त्या आवडल्या. मुंजीच्या पाटाचे दोन तुकडे झाले होते, लग्नाचा शाबूत होता. वीणानं तो उचलला, उलटसुलट करून पाहिला, चिखल पुसला आणि आत ठेवला.

आणि तेव्हा क्रेन आली. पुढे विनोदकुमार, पांढऱ्या बुटात, हात हलवत. केऱ्यात ते शॉर्टकटनं थेट आमच्याकडेच निघाले. आम्ही सगळ्यांनी हात वर करून नको नको म्हटलं, त्यांना वाटलं आम्ही बोलावतोय. साय मोडली. क्रेन गुडघ्यापर्यंत आत गेली, म्हणजे क्रेनला गुडघे असते तर. विनोदकुमार उतरले आणि पांढरे बूट दिसेनासे झाले.

वीणा त्यांच्याकडे चालत गेली, कोरडी जागा बघून एकेक पाऊल टाकत. "विनोदकुमारवरे, ड्रायव्हरला सांगा, ॲक्सिलरेटर दाबू नका. हुक कुठेय तुमचा? मागे नाही बसवला? अरेरे." तिनं दोर दिला, शाल दिली, सगळ्यांना लांब केलं. सुब्बारावांनी क्रेन ओढून काढली.

"मॅडम," विनोदकुमार मोजे पिळत म्हणाले, "मग कॅरॅव्हॅनचं काय? आजच नेतो."

"उद्या कळवते," वीणा म्हणाली.

उद्या! मला तर नकोच झालं. नाही म्हणाली असती तर नाचले असते, हो म्हणाली असती तर रडले असते. उद्या म्हणजे काय करायचं माणसानं?

कस्तुराबाईकडे पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. ती अंगणात उभीच होती. चार वर्षांनी बहीण भेटली की माणूस काय करतं? मिठी मारतं. कस्तुराबाई म्हणाली, "आधी तो कमोड दाखव." दाखवला. बसून पाहिला. झाकण लावून परत बसून पाहिला. मग पलंगावर येऊन पाय वर घेतले आणि म्हणाली, "मी आता इथेच झोपणार. तू घरात झोप." तिथून आमचं समोरासमोरचं भांडण जे सुरू झालं ते एकाच पलंगावर दोघी झोपी जाईपर्यंत. वीणानं आम्हा दोघींच्या अंगावर पांघरूण घातलं. मी तेव्हा जागी होते, पण तिला ते कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघालो. कस्तुराबाई माझ्या शेजारी जीपमध्ये बसली होती, बोचकं मांडीवर घेऊन. तिला कोणी बोलावलं नव्हतं आणि उतरायला कोणी सांगितलंही नाही. मोठ्या रस्त्याला लागलो. वीणाचा फोन वाजला. विनोदकुमार. तिनं पाहिलं, वाजू दिला, मग बंद करून पर्समध्ये टाकला. चंद्रकांतनं बेंगळूरचा, डावीकडचा इंडिकेटर लावला.

"उजवीकडे," वीणा म्हणाली.

"उजवीकडे काय आहे?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर."

चंद्रकांतनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले आणि घोरायला लागले. शेजारी कस्तुराबाईनंही तेच केलं. असल्या वेळी म्हाताऱ्या माणसांनी जागं दिसू नये, कोणीतरी मत विचारतं.